चीज आणि जिन्नस

१

फ्रेडी मर्क्युरी यांचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले आणि त्यांच्या मालकीच्या वस्तूंची जाहीर विक्री लंडनमधील सदबीज या लिलावगृहात ६ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. या दोन तारखांमध्ये जवळजवळ बत्तीस वर्षांचे अंतर आहे. तेवढा काळ केन्सिंग्टनमधील 'गार्डन लॉज' हे त्यांचे घर आणि त्यातील बहुतेक सामान मेरी ऑस्टिन यांनी होते तसे सांभाळले. घर त्यांना मृत्युपत्रान्वये मिळाले होते. पुढे त्यांनीच ते सामान विकावयाचे ठरविले. चौदाशेहून अधिक नग, सहा विक्रीसत्रे, कोणत्याही नगाला राखीव किंमत नाही, आणि अखेरीस सुमारे चार कोटी पौंडांची एकूण विक्री. तत्पूर्वी महिनाभर या वस्तूंचे विनामूल्य प्रदर्शन भरले होते व ते पाहण्यासाठी एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक येऊन गेले. उत्पन्नाचा काही भाग एड्सच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे आधीच घोषित झाले होते.

हा कलावंत मराठी वाचकाला सर्वस्वी परका असण्याचे कारण नाही. १९४६ साली झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या फारुख बलसारा या मुलाचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच तो पियानो शिकला आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या शालेय वाद्यवृंदात वाजवू लागला. १९६४ च्या झांजिबार क्रांतीनंतर कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेले. पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक व गीतकार म्हणून त्याची जी कीर्ती झाली, तिच्याशी येथे आपल्याला कर्तव्य नाही. त्या संगीताचा मी फारसा श्रोताही नाही. पदव्युत्तर वर्गांना अनेक वर्षे पाठचिकित्सा शिकविताना हस्तलिखित, पाठभेद, संस्करण हे शब्द माझ्या तोंडी सतत असत, आणि त्याच सवयीने मी या लिलावाची यादी वाचू लागलो. एखादे चरित्र वाचावे तशी ती मी वाचली. या लेखात त्या वाचनातून निघालेले काही प्रश्न मांडावयाचे आहेत. त्यांतील एक प्रश्न माझ्या घरच्या कपाटातही पडून आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

लिलावाची यादी ही एक स्वतंत्र संहिता असते. तिला स्वतःचे व्याकरण असते. त्या व्याकरणाचे पहिले लक्षण असे की यादीला क्रियापद नसते. मुकुट, कंगवा, पियानो, किमोनो, चित्र, पाने अशी नामे तेवढी एकाखाली एक येतात. प्रत्येकासमोर एक क्रमांक आणि एक अंदाजित किंमत असते. घरात या वस्तू ज्या संबंधांनी एकमेकींशी बांधलेल्या होत्या, ते संबंध सुटतात आणि त्यांच्या जागी क्रमांकांचा नवा क्रम येतो. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलावयाचे तर वस्तू एका चिन्हव्यवस्थेतून दुसरीत जाते आणि जाताना आपला पहिला अर्थ स्मृतीच्या रूपाने बरोबर नेते. ही स्मृती हाच तेथे विक्रीचा माल असतो.

२

अंदाजित किंमत आणि प्रत्यक्ष आलेली किंमत यांची तुलना केली तर एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. १९७५ साली घेतलेला आणि पुढील रचनांचा सोबती असलेला यामाहा कंपनीचा लहान ग्रँड पियानो वीस ते तीस लाख पौंडांना जाईल असा अंदाज होता. तो सुमारे सतरा लाख चाळीस हजारांना गेला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गीताच्या हस्तलिखिताचा अंदाज आठ ते बारा लाखांचा होता; ते सुमारे तेरा लाख ऐंशी हजारांना गेले. लिलावगृहाचे शुल्क वजा केले तर ही रक्कम अंदाजाच्या मर्यादेतच येते. याउलट मिशा विंचरण्याचा टिफनी कंपनीचा चांदीचा छोटा कंगवा! त्याचा अंदाज चारशे ते सहाशे पौंडांचा होता आणि तो १,५२,४०० पौंडांना गेला. हातातील सर्पाकृती चांदीचे कडे सात ते नऊ हजारांऐवजी ६,९८,५०० पौंडांना गेले. १९८६ च्या दौऱ्यात मिरवलेला मुकुट आणि झगा साठ ते ऐंशी हजारांऐवजी ६,३५,००० पौंडांना गेला.

या आकड्यांवरून कोणताही नियम सिद्ध होत नाही. लिलावात दोन हट्टी माणसे समोरासमोर आली की कोणताही आकडा संभवतो. तरीही एक दिशा दिसते. अंदाज बांधणारे तज्ज्ञ कलाकृतीच्या बाजूने विचार करीत होते: ज्या साधनाने रचना झाली ते साधन मोलाचे, ज्या कागदावर ती उतरली तो कागद मोलाचा. बोली लावणारे मात्र देहाच्या बाजूने विचार करीत होते. मिशी, मनगट, मस्तक यांना जे लागलेले असते, त्याचे मोल तज्ज्ञांच्या हिशेबात मावले नाही.

वाल्टर बेन्यामीन याने १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले होते की यांत्रिक प्रतिकरणाच्या युगात कलाकृतीची आभा, म्हणजे तिचे एकमेव असणे आणि विशिष्ट स्थळकाळाशी तिचे बद्ध असणे, क्षीण होत जाते. मर्क्युरी यांची कला तर जन्मतःच प्रतिकृतीची कला होती. ध्वनिमुद्रणाच्या अनेक थरांतून घडलेल्या त्या गीताची 'मूळ प्रत' अशी दाखविता येत नाही. कोट्यवधी घरांत जे वाजते तेच मूळ. अशा कलाकृतीला आभा नसेल तर ती कोठे जाते? या लिलावाने दिलेले उत्तर असे की ती नाहीशी होत नाही, स्थलांतर करते. गीतातून निघून ती कंगव्यात जाऊन बसते. कलाकृती जितकी सर्वत्र उपलब्ध, तितका कलावंताच्या देहाशी जडलेला जिन्नस दुर्मीळ आणि म्हणून महाग, असा हा व्यस्त संबंध आहे.

मिशेल फूको याने १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात ग्रंथकर्त्याविषयी विचार करताना एक अवघड प्रश्न उपस्थित केला होता. एखाद्या लेखकाचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध करावयाचे तर कोठे थांबावयाचे? कच्चे खर्डे घ्यावयाचे, टिपणे घ्यावयाची; मग त्याच वहीत धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी सापडली तर ती घ्यावयाची की नाही? साहित्यविचाराने या प्रश्नाकडे बहुधा एक चमत्कृती म्हणून पाहिले. बाजाराने तो गंभीरपणे घेतला आणि कोठेही थांबू नये असे उत्तर दिले. मात्र हे उत्तर फूकोच्या प्रश्नाचे नव्हे. 'सर्व काही वाङ्मय आहे' असे बाजार म्हणत नाही. 'सर्व काही अवशेष आहे' असे तो म्हणतो. या दोन विधानांतील अंतर फार मोठे आहे आणि समीक्षेचे काम त्या अंतरातच सुरू होते.

उदाहरणार्थ, वर उल्लेखिलेल्या हस्तलिखितात एका विमानकंपनीच्या छापील कागदावर गीताचे शीर्षक प्रथम 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असे लिहिलेले असून त्यातील पहिला शब्द खोडून वर 'बोहेमियन' केलेले आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने आपल्याला जी पाठचिकित्सा शिकविली, ती लेखनिकांच्या पाठभेदांची. तेथे कर्त्याचे हस्ताक्षर उपलब्ध नसते. शेकडो प्रतींच्या कुळांमधून मागे जात जात एका संभाव्य पाठापर्यंत पोहोचावयाचे असते. आधुनिक हस्तलिखितातील खोडाखोड वेगळ्या जातीची असते. तेथे कर्ता स्वतःशीच मतभेद करतो. खोडलेला शब्द चुकीचा नसतो. तो एकेकाळी बरोबर होता. खाली टाकलेला आणि वर घेतलेला असे दोन्ही शब्द एकाच कागदावर दिसतात तोवर निवड ही क्रिया दिसत राहते. हे पान अवशेष म्हणून विकत घेणाऱ्याला शाई मिळते. संहिता म्हणून वाचणाऱ्याला निवड मिळते, आणि त्यासाठी पान विकत घ्यावे लागत नाही. ते पाहावयास मिळणे मात्र आवश्यक असते. खाजगी मालकीत गेलेले हस्तलिखित अभ्यासकाला केव्हा दिसेल, हे मालकाच्या मर्जीवर राहते.

३

या यादीतील सर्वाधिक विचार करावयास लावणारा नग माझ्या मते 'गार्डन लॉज'च्या कुंपणभिंतीतील हिरवा दरवाजा हा आहे. कलावंताच्या मृत्यूनंतर जगभरातून आलेल्या चाहत्यांनी त्या दरवाजावर निरोप लिहिले, नावे कोरली. अशा रीतीने त्या लाकडावर एक सामूहिक, निनावी, अनेक भाषांतील लेखन साचत गेले. पंधरा ते पंचवीस हजार पौंडांचा अंदाज असलेला हा दरवाजा ४,१२,७५० पौंडांना विकला गेला.

येथे नेमके काय विकले गेले? दरवाजा घरमालकाचा, याविषयी कायद्याला शंका नाही. पण त्याची किंमत दरवाजामुळे आलेली नाही. ती आली लेखनामुळे, आणि ते लेखन कलावंताचे नाही. ते त्याच्या श्रोत्यांचे आहे. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा करताना त्या मृत्यूच्या मोबदल्यात वाचकाचा जन्म होतो असे सुचविले होते. हा दरवाजा त्या सिद्धान्ताचे शब्दशः मूर्त रूप वाटावे असा आहे: कर्ता निवर्तला आणि त्याच्या दारावर वाचक लिहू लागले. परंतु बार्थने न सांगितलेली एक गोष्टही हा दरवाजा सांगतो. वाचकाचा जन्म झाला, पण त्याला वारसाहक्क मिळाला नाही. त्याचे लेखन कर्त्याच्या इस्टेटीत जमा झाले आणि कर्त्याच्याच नावावर विकले गेले. वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला अर्थाचा निर्माता म्हटले खरे. अर्थ निर्माण करणाराच्या हाती त्या अर्थाचे मूल्य राहते किंवा नाही, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

आपल्याकडे असे लेखन विक्रीच्या कक्षेबाहेर ठेवण्याची एक जुनी रीत आहे: ते पूजेत ठेवणे. देहूला तुकोबांची 'भिजकी वही' म्हणून परंपरेने मानली जाणारी वही अशीच जपली गेली. पूजेत गेलेली वही विकली जात नाही, हे खरे; पण तीही वाचण्यासाठी उरत नाही, दर्शनासाठी उरते. लिलावाचा हातोडा आणि देवघराचा गाभारा या दोन टोकांमध्ये वाचनाला जागा कोठे, असा हा पेच आहे.

४

हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत बंदिशीला 'चीज' म्हणतात. चीज म्हणजे वस्तू. जिला हात लावता येत नाही, जी गळ्याबाहेर अस्तित्वातच नसते, तिलाच आपल्या गवयांनी वस्तू म्हणावे, यात एक संपूर्ण अर्थशास्त्र दडलेले आहे. चीज ही घराण्याची मालमत्ता होती. ती लपविली जाई, अर्धी शिकविली जाई, बदली केली जाई. मुलीच्या लग्नात जावयाला चिजा आंदण दिल्याच्या कथा गवयांच्या घरांतून सांगितल्या जातात. पंडित भातखंडे यांनी अनेक घराण्यांच्या चिजा मिळवून, स्वरलेखन करून 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, तेव्हा त्या प्रथमच घराबाहेर पडल्या. ते ज्ञानाचे सार्वजनिकीकरण होते की मालमत्तेचे अपहरण, हा वाद पूर्णतः मिटला आहे असे म्हणता येत नाही. मात्र एवढे खरे की आपल्याकडे गवयाची इस्टेट म्हणजे प्रामुख्याने त्याच्या चिजा. बाकीचे सारे जिन्नस.

हा भेद मला ग्रंथांतून उमगला नाही. माझे काका ख्यालगायक होते. एका तालुक्याच्या गावी दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांनी चाळीस वर्षे गाण्याचा वर्ग चालविला. आकाशवाणीवर काही वेळा गायले. त्यापलीकडे त्यांचे नाव गेले नाही. २००९ च्या पावसाळ्यात ते गेले. मूलबाळ नव्हते. काकू आपल्या भाच्याकडे राहावयास जाणार होत्या आणि खोल्या महिनाअखेर रिकाम्या करावयाच्या होत्या. सामान काढण्यासाठी मी तेथे चार दिवस राहिलो.

मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी, एक पेटी, तबला-डग्गा, सत्कारांच्या शाली, काही स्पूल टेपा आणि अकरा वह्या, एवढे संगीताशी संबंधित सामान निघाले. जुनी वाद्ये घेणारा एक व्यापारी आला. त्याने पेटीचा भाता ओढून पाहिला, सूर तपासले आणि भाव सांगितला. तानपुऱ्यांच्या बाबतीत तो म्हणाला, "काकू, दांडी चांगली आहे, पण एकाचा भोपळा गेलाय. तडा बसलाय. दुसऱ्याची घोडी झिजलीय, जवारी नव्यानं काढावी लागेल." काकूंनी त्याला पेटी दिली, तानपुरे दिले नाहीत. ती जवारी काकांच्या षड्जाला लावलेली होती. ती नव्याने काढली की तानपुरा चांगला होईल, पण काकांचा राहणार नाही, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. त्यांनी बोलून दाखविले नाही. तानपुरे पुढे एका शिष्येला गेले. ती शाळेत संगीत शिकविते आणि तिने यथावकाश जवारी काढून घेतली. काकूंना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "वाजतोय ना? मग झालं."

वह्यांची गोष्ट निराळी झाली. रद्दीवाल्याने वर्तमानपत्रांबरोबर त्याही तराजूत टाकल्या होत्या. काकूंनी पुढे होऊन त्या उचलल्या. उजव्या पानावर काकांनी चिजा उतरविल्या होत्या आणि डाव्या पानावर दुधाचा हिशेब, वर्गाची फी, कोणी किती दिली, कोणाची बाकी. दोन ज्येष्ठ शिष्य भेटावयास आले. एका चिजेच्या अंतऱ्यातील एका शब्दावरून त्यांच्यात मतभेद निघाला. "मला त्यांनी असंच शिकवलं," असे दोघेही शपथेवर सांगत होते. मी वही उघडली. तेथे दोघांचेही शब्द होते: एक लिहून खोडलेला आणि दुसरा त्याच्या वर. ज्याचा शब्द खोडलेला होता, तो शिष्य वयाने मोठा. त्याचा चेहरा उतरला. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही शिकलात तेव्हा तेच होतं. खोडलं नंतर."

पाठचिकित्सेची अनेक तत्त्वे मी वर्गात सांगितली असतील. पाठभेदाचा काळ ठरविण्याची निकड मात्र त्या दुपारी समोर उभी राहिली. आणि तो काळ ठरविण्याचे साधन डाव्या पानावर होते. दुधाच्या हिशेबात महिने होते, दर होते. फीच्या यादीत शिष्यांची नावे होती. खोडलेल्या शब्दाची शाई आणि वरच्या शब्दाची शाई डावीकडच्या कोणत्या महिन्यांच्या शाईशी जुळते, हे पाहता येत होते. थोरल्या शिष्याच्या नावासमोरची शेवटची फी ज्या महिन्याची, त्यानंतर काही वर्षांनी तो शब्द बदलला होता. म्हणजे त्याचा पाठ अपपाठ नव्हता. तो आधीच्या संस्करणाचा पाठ होता. फूकोच्या प्रश्नातील धोब्याची यादी मला त्या दिवशी भेटली, ती अशी. ती वाङ्मय आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही. पण तिच्यावाचून वाङ्मयाचा काळ कळत नाही, हे निश्चित.

यथावकाश मी एका संस्थेच्या ग्रंथालयाशी पत्रव्यवहार केला. वह्यांचे छायांकन करण्याची त्यांची तयारी होती, पण केवळ स्वरलेखनाच्या पानांचे. हिशेबाची पाने त्यांच्या मते 'अनुषंगिक मजकूर' होती आणि त्यात खाजगी व्यक्तींची नावे होती. नावांचा आक्षेप योग्य होता. ती झाकता आली असती. पाने गाळण्याला मी संमती दिली नाही आणि पत्रव्यवहार तेथेच थांबला. दोन्ही शिष्यांना मी वह्यांच्या झेरॉक्स प्रती, डाव्या-उजव्या पानांसह, करून दिल्या. मूळ वह्या माझ्याकडे आहेत. माझ्यानंतर त्या कोणाकडे जातील, याची तरतूद करावयाची आहे. या लेखाचा खरा प्रश्न तोच आहे.

५

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? हस्तलिखित विकत घेणाऱ्याला कागदाची मालकी मिळते. त्यातील कृतीचा स्वामित्वहक्क त्याने आपोआप हस्तांतरित होत नाही. गीत एकाचे, कागद दुसऱ्याचा, अशी विभागणी कायद्याला पूर्णतः मान्य आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ घातले गेले. चित्राची, शिल्पाची किंवा साहित्यकृतीच्या अथवा संगीतकृतीच्या मूळ हस्तलिखिताची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाली, तर त्या किमतीत कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याचा हक्क या कलमाने दिला. कल्पना उदात्त आहे. पण ती ज्या बाजाराचे अस्तित्व गृहीत धरते, तो बाजार मराठी कवीच्या खर्ड्याला किंवा गवयाच्या वहीला आहे कोठे? आपल्याकडे हस्तलिखिताची पहिली विक्रीच बहुधा किलोच्या भावाने होते.

या संदर्भात वाराणसीची एक घटना आठवते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ २००६ साली निवर्तले. २०१६ च्या डिसेंबरात त्यांच्या कुटुंबाकडील चांदीच्या शहनाया चोरीस गेल्या. पुढील महिन्यात पोलिसांनी कुटुंबातीलच एकास व दोन सराफांना अटक केली, तोवर चांदी वितळविली गेली होती. लंडनमध्ये चांदीच्या कंगव्याला त्याच्या धातूच्या अनेक पटींनी मोल आले. वाराणसीत शहनाईला केवळ तिच्या धातूचे मोल आले. एका ठिकाणी वस्तूचा अवशेष झाला, दुसऱ्या ठिकाणी तिची लगड झाली. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन घटनांत एक साम्यही आहे: दोन्हीकडे वस्तू वाजण्याच्या, वापरण्याच्या, वाचण्याच्या क्रियेपासून कायमची सुटली. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांचा भेद मार्क्सने सांगितला त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. कलावंताच्या जिनसांच्या बाबतीत त्यात तिसऱ्या मूल्याची भर घालावी लागते; त्याला साक्ष्यमूल्य म्हणता येईल. वस्तू एखाद्या निवडीची, एखाद्या सवयीची, एखाद्या बदलाची साक्ष देते. सराफाच्या मुशीत ही साक्ष नष्ट होते आणि संग्राहकाच्या तिजोरीत ती मुकी होते.

सर्व विक्रीचा परिणाम असाच होतो असे नाही. मर्क्युरी यांनी बालपणी जमविलेल्या टपाल तिकिटांचा एक संग्रह होता. वयाच्या नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यानचा, म्हणजे पाचगणीच्या शाळेच्या काळातला. १९९३ साली त्यांच्या वडिलांनी तो त्याच लिलावगृहात विकला व ती रक्कम एड्सविषयक कार्यासाठी दिली. ब्रिटिश टपाल खात्याने तो घेतला आणि तो लंडनच्या टपाल संग्रहालयात आहे. तोही लिलाव, हाही लिलाव. एकाचे पर्यवसान सार्वजनिक संग्रहात झाले, कारण घेणाऱ्याजवळ त्या वस्तूला विचारावयाचे प्रश्न होते. तिकिटांच्या इतिहासाचा अभ्यासक ती पाने आजही पाहू शकतो.

म्हणून विक्री ही गोष्ट मला निषेधार्ह वाटत नाही. वारसाला तीन दशके एखाद्याचे घर सांभाळावे लागते, तेव्हा त्या ओझ्याचा हिशेब बाहेरच्यांनी करणे सोपे असते. शिवाय आपल्या परंपरेचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही. चीज दिल्याने संपत नाही, शिकविल्याने वाढते, हे खरे. पण न शिकविताच मेलेल्या गवयांबरोबर किती चिजा गेल्या असतील! बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत आली ती घरातल्या कोणीतरी ती वेळेवर उतरवून घेतली म्हणून. मौखिकतेच्या गौरवामागे हा योगायोग लपलेला असतो. या तुलनेत सदबीजच्या यादीचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. तिच्यामुळे एका कलावंताच्या चौदाशे वस्तूंची वर्णनासह, मोजमापांसह, छायाचित्रांसह नोंद झाली. वस्तू विखुरल्या तरी नोंद उरली. मराठी संगीतातील वा साहित्यातील किती जणांच्या घरची अशी नोंद आपण दाखवू शकतो?

आपल्या विद्यापीठांतून पीएच.डी.च्या निमित्ताने शेकडो कवी-लेखकांवर प्रबंध लिहिले जातात. त्यांतील किती प्रबंधांत त्या लेखकाच्या घरातील कागदांची साधी यादी परिशिष्टात सापडते? ही यादी करावयास सिद्धान्ताची आवश्यकता नसते, अनुदानाचीही फारशी नसते. सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत एखाद्या घरी बसावे लागते, धूळ झाडावी लागते आणि घरातील बाईमाणसांना विचारावे लागते. विचारावयाचे ते प्रामुख्याने त्यांनाच, कारण कोणता शब्द केव्हा खोडला गेला हे बहुधा त्यांना माहीत असते.

विकावयाचे असेल त्याने विकावे, द्यावयाचे असेल त्याने द्यावे. त्याआधी यादी मात्र व्हावी, आणि त्या यादीत क्रियापदे असावीत: कोणी दिले, कोणाला शिकविले, केव्हा बदलले, का खोडले. अशी यादी हाती असली की जिन्नस कोणाच्याही घरी गेला तरी चीज आपल्याकडे राहते. काकांच्या अकरा वह्यांची अशी यादी मी करावयास घेतली आहे. सातव्या वहीपर्यंत आलो आहे.